म्हशीचे दूधही ‘ए-टू’च

आरोग्य पुरवणीतील, देशी गाईंचे म्हणून जादा दराने विकल्या जाणाऱ्या ‘ए-टू’ दुधाची महती सांगणारा लेख वाचला. ‘ए-वन’ दूध मधुमेह व हृदयविकाराला निमंत्रण देते, हे त्यातले विधान पटले नाही.

या दोन दुधांत फरक आहे तो बीटा-केसीन या प्रथिनातील ६७व्या अमिनो आम्लाचा. ‘ए-वन’मध्ये तिथे हिस्टिडिन असते, ‘ए-टू’मध्ये प्रोलिन. त्यामुळे ‘ए-वन’ पचताना बीसीएम-७ नावाचा पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) अधिक सुटतो आणि सारा दोष त्याच्या माथी मारला जातो. मात्र युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा या पेप्टाइडचा अशा आजारांशी कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, असाच निष्कर्ष निघाला. पोट फुगण्याच्या तक्रारी ‘ए-टू’ने कमी झाल्याचे काही लहान चाचण्यांत दिसले आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण दुग्धशर्करा दोन्हींत सारखीच असते; ती न पचणाऱ्यांची यातून सुटका नाही.

आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये दुधाच्या वेष्टनांवरील ‘ए-वन’, ‘ए-टू’चे दावे काढण्याचा आदेश दिला आणि पाचच दिवसांत तो मागे घेतला. ही माघार का, हेही लेखात यायला हवे होते. शिवाय म्हशीचे दूधही ‘ए-टू’च असते. आमच्याकडे कोल्हापुरात दूधकट्ट्यावर उभे राहून म्हशीचे धारोष्ण दूध पिणारे हे ‘ए-टू’ वर्षानुवर्षे पीत आले आहेत, तेही जादा दर न मोजता.

– एक वाचक, कोल्हापूर