उतारांबद्दल लिहिणार नव्हतो

पालशेत, रविवार

चि. अश्विनीस,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी तू ‘ठेवते’ म्हणालीस आणि खरंच फोन ठेवलास. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी जेवणापुरतंच बोलते आहे. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच कट करता येत नाही, एवढा माझा फायदा.

पहिलं सांगून टाकतो. नानाची रिक्षा घेऊन मी तुमच्या सायकलींच्या मागून येणार नाही. अलिबागपासून नाही, दापोलीपासूनही नाही. दाभोळच्या जेटीवर सहज भेटल्यासारखाही उभा राहणार नाही. नाना टाकी भरून बसला होता, त्याला राहू दे म्हटलं. सतरा जणांत एकीच्याच मागे बापाची रिक्षा, हे बरं दिसत नाही, एवढं मलाही कळतं.

आणि उतारांबद्दलही काही लिहायचं नाही, असं ठरवून बसलो आहे.

तू पाठवलेला कागद दादाने प्रिंट काढून दिला. अलिबाग, मुरूड, आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, मग श्रीवर्धन, बागमांडल्याहून पलीकडे वेश्वी, केळशी, आंजर्ले, दाभोळ ते धोपावे, गुहागर, तवसाळ ते जयगड आणि तसंच खाली रेडीपर्यंत. वाचताना एसटी ड्रायव्हरची अख्खी नोकरी डोळ्यांपुढून गेली. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हा, १९८० च्या सुमारास, रेवस–रेडी रस्त्याची कल्पना निघाली. पण खाड्यांवरचे सगळे पूल अजून झालेले नाहीत. दाभोळची फेरी नव्हती तेव्हा समोर दिसणाऱ्या धोपाव्याला गाडी न्यायची तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभरावर किलोमीटरचा फेरा पडायचा. तुम्ही सायकल फेरीत चढवाल आणि चहा संपायच्या आत पलीकडे असाल. फक्त जेटीचा उतार भरती-ओहोटीने ओला असतो, शेवाळ धरतो, आणि फेरीची लोखंडी फळीही निसरडी असते. तिथे सायकलवरून उतरायचं आणि चालत जायचं. बाकीचे काय करतात ते बघायचं नाही.

हा जेटीचा उतार झाला. तो मोजू नकोस.

सिंहगड तू चढतेस, बोपदेव चढतेस, हे दादा सांगतो. पहाटे उठून ड्युटीला जावं तशी निघतेस म्हणे, शनिवारी लांब जाऊन आलीस तरी रविवारी पुन्हा निघतेस, दुखऱ्या पायांना सवय व्हावी म्हणून. हे मी सलूनमध्ये सांगितलं. आईच्या मते मी ते सगळ्या पालशेतला सांगितलं आहे. पण बाय, घाटावरचा चढ एकदा चढलीस की संपतो. आपल्याकडे रस्ता खाडीवरून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर जातो, सड्यावर जरा दम खातो आणि पुढच्या खाडीसाठी पुन्हा खाली पडतो. दिवसातून कितीदा तरी. नकाशात किनारा सपाट दिसतो, म्हणून बाहेरून येणारे फसतात. चढाची मला काळजी नाही. दमलीस तर उतरून ढकलशील, त्यात कसली लाज. पण जितके चढ, तितकेच ते दुसरे.

कुंभार्ली घाटात आमचा नियम एकच असायचा. ज्या गिअरात चढायचं, त्याच गिअरात उतरायचं. गाडी इंजिन धरून ठेवतं, ब्रेक फक्त लागेल तेवढा. सायकलला इंजिन नाही. मंगळवारी मला एवढंच म्हणायचं होतं आणि निघालं भलतंच, की सायकल म्हणजे काय गाडी आहे का. तुझ्याकडे सगळा भार दोन ब्रेकांवर. तू म्हणालीस, ‘बाबा, डिस्क आहेत.’ असू देत. डिस्क असो नाहीतर रबर, वेग जिरवला की त्याची उष्णता होणार, आणि सारखं दाबून धरलं की ब्रेक तापणार. तापलेला ब्रेक धरत नाही. म्हणून दाबायचं, सोडायचं, परत दाबायचं. वळणाच्या आधी वेग मारायचा, वळणात नाही. वळणात जांभ्याची बारीक खडी पसरलेली असते, तिच्यावर पुढचा ब्रेक दाबलास तर चाक खालून निघून जाईल. सकाळी दव असतं, झाडाखालचा पाला ओला असतो. पुढच्याच्या चाकाला चाक लावून चालवणं सड्यावर ठीक, खाली येताना मध्ये चांगली मोकळी जागा हवी. आबलोलीच्या वळणावर काय झालं होतं ते तुला ठाऊक आहे. ते लिहीत नाही.

लिहिणार नव्हतो आणि पानभर लिहिलं. रागावू नकोस. हे सगळं तुझ्या ग्रुपमधल्या अनुभवी माणसांनी सांगितलंच असेल, आणि माझ्यापेक्षा नीट.

तुला आठवतं का माहीत नाही. कानाच्या डॉक्टरकडे चिपळूणला न्यायचं होतं आणि आई बाळंतपणाला गेलेल्या मावशीकडे, म्हणून मी तुला ड्युटीवरच घेतलं होतं. वस्तीच्या गाडीची सकाळची पहिली फेरी. तू माझ्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर गोधडी टाकून बसलेली. ते तापायचं, म्हणून दुहेरी गोधडी. रस्त्यापेक्षा माझ्या पायांकडेच तुझं लक्ष. खाली उतरताना तू कंडक्टरला मोठ्याने विचारलंस, ‘बाबांचा पाय ब्रेकवर का नाही?’ पुढच्या बाकावरची म्हातारी घाबरून देवाचं नाव घ्यायला लागली. कंडक्टर हसत सुटला. मी तुला गिअरची दांडी दाखवली. एवढीशी होतीस, पण समजलं तुला. परतीच्या वाटेवर तूच त्या म्हातारीसारख्या एका काकूंना समजावत होतीस. दादाला मी तेच कितीदा सांगितलं, तो अजून न्यूट्रलमध्ये उतरवतो.

तर मी काय सांगत होतो? ड्रायव्हरच्या सीटवरून काय दिसतं, ते तुमच्यात कोणी सांगणार नाही. डावीकडचं खूप काही दिसत नाही. आरशात सायकल असते आणि नसते. आखूड वळणावर आमची पुढची चाकं बाहेरून जातात, मागची आत कापत येतात. म्हणून वळणावर एसटीच्या किंवा ट्रकच्या आतल्या बाजूला शिरायचं नाही, कितीही जागा दिसू दे. ती जागा थोड्या वेळाने राहत नाही. मागून हॉर्न वाजला तर दचकून मागे वळून बघू नकोस, हँडल वळतं. हॉर्न म्हणजे शिवी नव्हे, मी इथे आहे एवढंच तो सांगतो. सरळ रेषेत राहा, तो वाट काढेल. मागचा लाल दिवा दिवसाही लुकलुकता ठेव. दिवा दिसला की माणसाचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून निघतो, हे मी स्वतःच्या पायाचं सांगतो आहे.

खाण्यापिण्याचं आईने सांगायचं ठरलं होतं, पण ती बोलत नाही, म्हणून थोडक्यात. पुण्यात घाम वाळतो, इथे वाळत नाही, नुसता गळतो आणि अंग थंड होत नाही. नुसतं पाणी ढोसू नकोस, त्याने अंगातलं मीठ आणखी पातळ होतं. बाटलीत कोकमाचं आगळ आणि मीठ घाल. जमलं तर दोन दिवस आधी खाली उतर, थोडी तरी सवय होईल. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा असतो तोवर अंतर काप. दुपारचा समुद्रावरून येणारा खारा वारा तुम्हाला उजवीकडून, जरासा पाठीमागून मिळेल. दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो त्यातल्या त्यात बरा. आरे-वारेला मात्र फोटो काढायला रस्त्यात थांबू नका, तिथे गाड्यांचेही डोळे समुद्राकडे असतात. त्या वळणानंतर लगेच खाली...

असो.

निघायच्या आधी ब्रेकचे पॅड नवे टाकून घे. झिजले नसले तरी टाक. चिपळूणच्या सायकलवाल्याला मी विचारलं, नवे पॅड थोडे चालवून बसवावे लागतात म्हणाला. म्हणजे आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी. पैसे मी दादाकडे दिले आहेत. परत करू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. आईने वाचलं आणि पॅडचं आणखी एकदा लिहायला सांगते आहे. मी सांगितलं, लिहिलं आहे. तिचा निरोप वेगळाच आहे. गुहागरच्या मुक्कामानंतर सकाळी तुम्ही घरावरूनच जाणार, तर सतराही जणांनी न्याहारीला थांबायचं आहे. आंबोळ्या करायच्या म्हणजे आदल्या दिवशी भिजवावं लागतं, तेव्हा नक्की वार कळव. आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं कोणाला तिखट चालत नाही तेही कळव. फोन केलास तरी चालेल.