आईची नखं

ती. आई-बाबा,

आधी सांगूनच टाकते. केमोच्या पुढच्या डोसेटॅक्सेलला (सलाइनमधून देतात त्या कॅन्सरच्या औषधाला) आई गार हातमोजे घालणार, असं मी सिस्टरांना कळवलंय. आई, तुला विचारलं नाही, कारण ‘कशाला त्यांना व्याप’ असंच म्हणाली असतीस. व्याप काही नाही. गारव्याने बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि नखाच्या मुळाशी औषध कमी पोचतं, म्हणजे नखं कमी बिघडतात, एवढाच हेतू. औषध सुरू व्हायच्या आधी १५ मिनिटं, मग औषध चालू असतानाचा तासभर, आणि संपल्यावर १५ मिनिटं. मोजे मध्येच कोमट होतात, म्हणून ४५ मिनिटांनी जोडी बदलून मागायची. पांघरूण जवळ ठेवा. फार झोंबलं तर लगेच सांग, तुझ्या सवयीप्रमाणे सोसत बसू नकोस. आणि बाबा, औषध बदललं तर आधी विचारा. ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं केमोचं दुसरं औषध असलं तर गारवा उलट बाधतो.

नखांवरच्या आडव्या खाचांना घाबरू नकोस गं. औषधाने नखाची वाढ थबकते, तिची ती खूण. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर पुढे सरकतं, खाचही त्याच्याबरोबर सरकत जाते. हाताचं नख सहाएक महिन्यांत नवं होतं. पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष लागेल.

जपायचं ते सुटलेल्या नखाला. टोकाकडून पांढरं दिसायला लागलं की खालची गादी सुटलेली असते. ते ओढायचं नाही. सुटलेला भाग जमेल तेवढा आखूड कापून कड कानशीने एकाच दिशेने घासायची, म्हणजे शालीच्या धाग्यात अडकणार नाही. खाली पाणी साचलं की जंतू धरतात, म्हणून भांडी घासताना रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे हवेतच. खरं तर भांडी बाबांनीच घासावीत. आणि बाबा, नखाखालचा मळ काढायला तुमची ती सेफ्टी पिन नको!

हात धुतले की टिपून कोरडे करायचे, मग नखाच्या मुळाशी व्हॅसलिन. सालपट दाताने तोडायचं नाही, कातडी मागे ढकलायची नाही. नखाशेजारी लाल होऊन ठणकलं, पू दिसला, तर घरगुती लेप न लावता त्याच दिवशी फोन. ताप ३८ सेल्सिअसवर गेला तर रात्री दोनलासुद्धा दवाखान्यात फोन करायचा, आणि मग मला.

बाबा, नखं तुम्हीच कापा, चष्मा लावून. पायाची सरळ, कोपरे न खणता. करंगळी शेवटी घ्या, तिथे तिला गुदगुल्या होतात.

तुमची,
छोटी