पिकलेल्या भाताचे न दिसणारे नुकसान: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कृषिमंत्री,

सप्रेम नमस्कार.

पूर आला, दुष्काळ पडला की शेतांची पाहणी होते. पण भात पिकून उभे असताना चार दिवसांच्या हवेने जे जाते, त्याची नोंद सहसा होत नाही.

दाणा पिकला की लोंबीवरची त्याची पकड सैल होते. कोरडे ऊन आणि जोराचा वारा एकत्र आले की तो शेतातच झडतो. पावसाने पीक लोळले तर काही जातींचे दाणे लोंबीतच कोंब धरतात. हे निदान डोळ्यांना दिसते. मला जास्त काळजी आहे ती तड्यांची. दाणा उन्हात वाळून त्यातला ओलावा 15 टक्क्यांच्या खाली गेला आणि मग दव पडले किंवा पावसाची सर आली, की तो बाहेरून पाणी ओढतो. वरचा थर फुगतो, गाभा कोरडाच राहतो आणि त्या ताणाने दाणा आतून तडकतो. तुसाआड हे कोणाला कळणार? वजन तेवढेच भरते, गिरणीत मात्र अख्ख्या तांदळाऐवजी कणी पडते. दाणा भरण्याच्या काळात रात्री उष्ण राहिल्या तर तो पांढरट, ठिसूळ होतो. भरडताना तोही तुटतो.

लोंबीतले 80 ते 85 टक्के दाणे पिवळे झाले, ओलावा 20 ते 25 टक्क्यांवर आला की कापावे, ही शिफारस आम्हाला ठाऊक आहे. पण एवढा ओला भात 24 तासांत वाळवायला घ्यावा लागतो, साठवण्यापूर्वी 14 टक्क्यांवर आणावा लागतो. आभाळ भरलेले असताना तो पसरायचा कुठे? म्हणून शेतकरी पीक उभेच वाळू देतो आणि झड व तडे दोन्ही पदरी पडतात. याला त्याचा आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

गावोगावी सामायिक वाळवणी यंत्रे आणि ओलावामापक द्या. यंत्रे चालवणाऱ्यांना प्रशिक्षणही द्या, कारण फार तापवून घाईने वाळवले तर तिथेही दाणा तडकतो. हवामान सल्ल्यात पावसाबरोबर वारा, दव आणि रात्रीचे तापमान पिकाच्या अवस्थेनुसार सांगा. नुकसान ठरवताना शेतात झडलेले दाणे मोजा आणि नमुना भरडून अख्खा तांदूळ किती निघतो तेही पाहा.

यातले काय आणि केव्हा होईल, ते पुढच्या कापणीआधी जाहीर करावे, ही विनंती.

आपला,
एक भातशेतकरी