ताट नको, किराण्याची यादी छापा

मा. संपादकसाहेब, नमस्कार.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं 2024 च्या गाईडलाइन्समधलं ते रोजचं ताट तुमच्या आरोग्य पानावर परत आलंय. माणशी धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्य 85, भाज्या 400, फळं 100, दाणे-तेलबिया 35, तेल 27 आणि दूध 300 मिली, तेही सगळं कच्च्या वजनात. आता जेवायला बसल्यावर 85 ग्रॅम डाळ कोण मोजणार हो, वरणात डाळ किती आणि पाणी किती हे तर वाढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

म्हणून मी आमची महिन्याची किराण्याची यादीच समोर घेतली आणि त्या आकड्यांना चार माणसं, तीस दिवस असं गुणून टाकलं, घरात सगळे मोठेच आहेत त्यामुळे हिशोब सोपा.

धान्य बसतं 30 किलो. आमच्याकडे गहू, तांदूळ आणि मंगळवेढ्याची ज्वारी मिळूनच 35 च्या पुढं जातं, वर पोहे, रवा आणि उपासाचा साबुदाणा आहेच. डाळी-कडधान्य पाहिजे दहा किलो, अंडी-मटण खाणाऱ्यांचं तेही त्यातच धरलंय, पण आम्ही शाकाहारी आणि यादीत तूरडाळ दोन, हरभराडाळ एक, मूग-मटकी एकेक, झालं, निम्म्यावरच गाडी थांबली. तेल साडेतीन लिटरच्या आसपास बसतं, आमचा पाच लिटरचा डबा महिन्यात रिकामा, बाहेरची भजी धरलीच नाहीत. मीठ दिवसाला 5 ग्रॅम म्हणजे महिन्याला 600, आमची किलोची पिशवी संपते आणि लोणचं-पापड-फरसाणातलं मीठ कुठं मोजलंय. साखर 25 ग्रॅमनं 3 किलो, इथं पाच लागते, सगळी चहात. तो चहाही जेवण झालं की लगेच, खरंतर आधी-नंतर तासभर घेऊ नका म्हणतात कारण जेवणातलं लोह अंगी लागत नाही, पण सोलापुरात हे कुणाला सांगायचं!

भाजीचा आकडा 48 किलो येतो. तो बघून मी पेन खाली ठेवलं. आमच्याकडे भाजी म्हणजे भाकरीला तोंडी लावणं, पोट भाकरीनंच भरायचं.

दाण्यांत मात्र आम्ही बरे आहोत. 35 ग्रॅम म्हटलं की लोकांना काजू-बदामच दिसतात पण शेंगदाणे, तीळ, जवस, कारळं हे पण त्यातच येतं, आणि शेंगाचटणीशिवाय इथं ताट वाढत नाहीत.

आता मूळ मुद्दा. आमचं रेशनकार्ड चार युनिटचं, माणशी 5 किलो म्हणजे 20 किलो धान्य फुकट मिळतं. मिळतंय ते चांगलंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण गाईडलाइनच्या 30 किलोतलं दोन तृतीयांश धान्य रेशनवर येतं आणि डाळ शून्य. 2022 च्या दिवाळीला आनंदाचा शिधा आला त्यात 100 रुपयांत रवा, साखर, चणाडाळ एकेक किलो आणि पामतेल एक लिटर, म्हणजे चारात कामाची एकच वस्तू. एकीकडे म्हणायचं धान्य कमी करा डाळ वाढवा, आणि दुसरीकडे धान्य फुकट अन डाळ बाजारभावानं, मग गरीब माणूस पोट कशानं भरणार?

आमच्यापुरतं बघितलं तर दीड लिटर तेल आणि दोन किलो साखर कमी केली की दोनेक किलो डाळीचे पैसे निघतात. तरी तीन किलोची तूट राहतेच, आणि ज्यांच्याकडे मुळात तेलच दोन लिटर येतं त्यांनी कशातून काढायचे?

तेव्हा दोन विनंत्या. रेशनवर माणशी किलोभर तरी डाळ द्या ही मागणी तुमच्या पेपरनं लावून धरावी. आणि पुढच्या वेळी ताटाचं चित्र न छापता चार माणसांची महिन्याची यादी किलोत छापा, वाण्याकडे जाताना कापून नेता येईल अशी.

– एक वाचक, सोलापूर