फाटलेल्या बाईची नोंद कुठल्या रजिस्टरात होते, मंत्री महोदय?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : बाळंतपणात खालचा भाग फाटणे, त्याची तपासणी, नोंद व उपचार याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून एका पानात लिहायचं ठरवून बसले होते. ते जमेल असं आता वाटत नाही.

गेल्या महिन्यात माझी धाकटी बहीण आमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात बाळंत झाली. पहिलटकरीण. मुलगी झाली, सव्वातीन किलोची. डोकं अडलं म्हणून व्हॅक्यूम लावून बाळ काढलं, त्याआधी कात्री लावली, मग टाके घातले आणि तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं. कार्डावर लिहिलंय, 'नॉर्मल डिलिव्हरी, टाके, आई व बाळ सुखरूप'. सहाव्या दिवशी रात्री अकराला तिचा फोन आला. बराच वेळ नुसती हुंदके देत होती. मग म्हणाली, "ताई, तुला व्हायचं ना, तसंच मला होतंय गं. कळतच नाही. कपडे खराब होतात."

मला पुढचं काही विचारावं लागलं नाही. २०१९ साली मी त्याच टेबलावर होते.

माझ्याबद्दल लिहिते. जे मी माझ्या आईलाही नीट सांगितलेलं नाही ते इथे लिहिते आहे, कारण सभ्य भाषेत केलेल्या अर्जांचं काय होतं ते मी पाहिलं आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. बाळंतपणानंतर महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की मला वायू रोखता येत नाही, आणि पातळ शी झाली तर तीही रोखता येत नाही. रजा संपली, शाळा सुरू झाली. दुसरीचा वर्ग. एकदा फळ्याकडे तोंड करून पाढे लिहीत होते आणि कळलं, उशीर झाला. पोरांना 'लिहा' म्हटलं आणि मागच्या दाराने निघाले. शाळेत बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह नव्हतं. शेजारच्या घरातल्या मावशींनी काही न विचारता बादली आणि त्यांचं लुगडं दिलं. त्या माउलीचे उपकार मी या जन्मी फेडू शकणार नाही.

त्यानंतर माझं आयुष्य शौचालय कुठे आहे यावर चालू लागलं. एसटीने जायचं असेल तर आदल्या दुपारपासून जेवण बंद. पर्समध्ये जुन्या लुगड्याच्या धडप्याच्या घड्या. हळदीकुंकवाला जाणं बंद, लग्नांना जाणं बंद, देवळात जाणं मी स्वतःच बंद केलं. नवरा चांगला आहे, तरी दोन वर्षं आम्ही वेगळ्या खोल्यांत झोपलो. सासूबाई म्हणायच्या, "बाईची जात आहे, बाळंतपणानंतर असं व्हायचंच." त्या मला हिणवत नव्हत्या. त्यांचं स्वतःचंही तसंच होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्यांनी चाळीस वर्षं काढली तशीच.

मी त्याच रुग्णालयात तीनदा गेले. पहिल्यांदा सांगितलं, टाके ओले आहेत, बरं होईल. दुसऱ्यांदा जुलाब थांबायच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "घरी काही टेन्शन आहे का?" तीन खेपांत एकानेही हातमोजा घालून मला तपासलं नाही.

शेवटी पुण्याला गेले. तिथल्या डॉक्टर मॅडमनी तपासलं आणि मागच्या वाटेची एक वेगळ्या प्रकारची सोनोग्राफी केली. पडद्यावर दाखवून सांगितलं की गुदद्वाराभोवती स्नायूचं कडं असतं, तुमचं ते पुढून तुटलेलं आहे. घड्याळाच्या दहापासून दोनपर्यंत जेवढी जागा, तेवढी फट. वरची कातडी शिवलेली, आतलं कडं तसंच तुटकं ठेवलेलं. त्या म्हणाल्या, "त्याच दिवशी नीट शिवलं असतं तर तुम्हाला इथवर यावं लागलं नसतं." मोठं ऑपरेशन झालं. माझ्या दोन्ही पाटल्या मोडल्या, वर सोसायटीचं कर्ज. आता बरीच बरी आहे. पूर्ण नाही, आणि वर्षं सरतील तसं ते पुन्हा सैल पडू शकतं, हेही मॅडमनी आधीच सांगून ठेवलंय.

२०२१ साली मी लेखी तक्रार केली. एक वरिष्ठ अधिकारी आले, त्यांनी माझं म्हणणं ऐकलं आणि रुग्णालयाच्या सभेत सगळ्यांसमोर सांगितलं की प्रसूती कक्षातल्या प्रत्येकाला या जखमा ओळखण्याचं प्रशिक्षण देऊ, पुढच्या मार्चच्या आत. मी त्यांना हात जोडले होते. पुढे माहितीच्या अधिकारात विचारलं की किती जणांना प्रशिक्षण दिलं आणि किती बाळंतिणींना अशी इजा झाल्याची नोंद आहे. उत्तर आलं, 'अशी माहिती या कार्यालयात संकलित केली जात नाही.' आणि माझी तक्रार 'निकाली काढण्यात आली'. त्या निकाली काढलेल्या तक्रारीवर गेल्या महिन्यात माझी बहीण झोपली होती, महोदय.

आता कुणी म्हणेल की हे फार अवघड शास्त्र आहे, ग्रामीण भागात कसं जमणार. मला वैद्यकीय शिक्षण नाही, पण इंग्रजी वाचता येतं आणि रात्री झोप येत नाही. चार वर्षं मी हेच वाचते आहे.

१९९३ साली एक अभ्यास छापून आला. लंडनमध्ये अब्दुल सुलतान नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतपणाआधी आणि नंतर बायकांची सोनोग्राफी केली होती. योनीमार्गाने बाळंत झालेल्या ७९ पहिलटकरणींपैकी २८ जणींच्या त्या स्नायूला इजा झालेली दिसली. म्हणजे तिघींतली एक. तेव्हा जगाला वाटलं की ही इजा लपलेली असते, डोळ्यांना दिसतच नाही. त्यांच्याच गटाने पुन्हा केलेला अभ्यास २००६ मध्ये छापून आला. नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांना नेहमीच्या कर्मचाऱ्यांनी तपासलं, आणि टाके घालण्याआधी एका अनुभवी संशोधक डॉक्टरने पुन्हा तपासलं. आधी ११ टक्के बायकांत इजा सापडली होती, दुसऱ्या तपासणीत साडेचोवीस टक्के. खरोखर लपलेल्या इजा अगदी मोजक्या निघाल्या. बाकीच्या समोर होत्या, फक्त कुणी नीट पाहिलं नव्हतं. तेही लंडनमध्ये. हे वाचलं त्या रात्री मी उठून अंगणात जाऊन बसले.

नीट पाहणं म्हणजे काय? टाके घालण्याआधी चांगला उजेड, बाईला विचारून मागच्या वाटेत एक बोट घालून तपासणी, कडं सलग आहे की तुटलंय ते चाचपणं. दोन मिनिटं लागतात. मशीन लागत नाही, निविदा काढावी लागत नाही.

बाळाचं डोकं बाहेर येताना कोमट पाण्यात भिजवलेला कपडा खाली धरला तर तिसऱ्या आणि चौथ्या दर्जाच्या, म्हणजे स्नायूपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे जाणाऱ्या जखमा कमी होतात, हे वेगवेगळे अभ्यास एकत्र करून दाखवलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये तो कपडा सुचवला आणि सरसकट कात्री लावू नका असंही त्याच वेळी सांगितलं. आमच्याकडे पहिलटकरीण म्हटलं की कात्री. का, म्हणून विचारलं तर 'आमच्याकडे अशीच पद्धत आहे.' व्हॅक्यूम किंवा चिमट्याने बाळ काढलेल्या बाईला सहा तासांच्या आत प्रतिजैविकाचा एक डोस दिला तर जंतुसंसर्ग किती कमी होतो, हे ब्रिटनमधल्या २७ प्रसूती विभागांत ३,४२७ बायकांवर तपासलं गेलं. २०१९ मध्ये निकाल आला : १९ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर. एक डोस! माझ्या बहिणीच्या कागदावर त्या डोसाची नोंद नाही. आठव्या दिवशी तिचे टाके पिकले आणि उसवले.

तिकडे १६ रुग्णालयांनी बोट घालून तपासणी, कात्री लावायचीच असेल तर तिचा योग्य कोन, हाताने आधार देणं आणि बाईशी आधी बोलणं, असं सगळं एकत्र बांधून ५५,०६० बाळंतपणांत राबवलं. अशी गंभीर इजा ३.३ टक्क्यांवरून ३.० वर आली. आकडा छोटा दिसतो. पण आपल्या राज्यात वर्षाला अठरा लाखांच्या आसपास बाळंतपणं होतात. सिझेरियनची वगळून उरलेल्यांना तोच तीन टक्क्यांचा हिशेब लावा, दरवर्षी तीस-चाळीस हजार बायका होतात. माझा हिशेब चुकला असेल तर आपल्या खात्याने बरोबर आकडा छापावा. मी जाहीर माफी मागेन. छापायला आधी मोजावं लागेल, एवढंच.

आणि मोजणं या मातीला नवीन नाही. गडचिरोलीच्या दोन खेड्यांत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० बायकांना तपासलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि तपासलेल्या सगळ्यांपैकी जेमतेम ८ टक्के बायकांची त्याआधी कधी तशी तपासणी झाली होती. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं, जगाने वाचलं. एवढ्या वर्षांनी त्याच महाराष्ट्रात मी तीनदा रुग्णालयात गेले आणि मला कुणी तपासलं नाही. मग हे राज्य काय शिकलं?

न तपासता काय होतं तेही आपल्याला ठाऊक आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, समिती नेमली, ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून जातं, पोटात दुखतं, की काढा पिशवी. माझ्या बचत गटातल्या एका काकूंचीही काढली. त्यांची मूळ तक्रार माझ्यासारखीच होती. पिशवी गेली, तक्रार तशीच राहिली, आणि उसाच्या फडात कोयता चालवताना त्या आजही कमरेला दुहेरी कापड बांधतात.

आपले अहवाल मी वाचते. २०१९-२१ च्या पाहणीत राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, २०१८-२० मध्ये माता मृत्यूदर लाखामागे ३३ वर आला होता, हे अभिमानाने लिहिलेलं असतं. अभिमान मलाही आहे, माझी आजी घरी बाळंत होताना गेली. पण दवाखान्यात या म्हणून आशाताई दारोदार फिरल्या, आम्ही आलो, तुमच्या टक्क्यांत बसलो. जिवंत घरी गेलो म्हणजे तुमचं काम संपलं का? मेलेल्या बाईची चौकशी होते, अहवाल जातो. फाटलेल्या बाईला रजिस्टरात रकानासुद्धा नाही. २०१७ च्या आरोग्य धोरणात राज्यांनी २०२० पर्यंत खर्चाच्या आठ टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर न्यावा असं लिहिलंय. त्याच वर्षी प्रसूतीगृहांच्या दर्जासाठी 'लक्ष्य' कार्यक्रम आला. आमच्या रुग्णालयाच्या भिंतीवर त्याचा रंगीत फलक आहे. त्या फलकाखालच्या टेबलावर दिव्याचा बल्ब गेलेला होता, बहिणीला टाके मोबाइलच्या उजेडात घातले. तिथल्या सिस्टरवर माझा राग नाही. रात्री एकट्या सिस्टरला चार बाळंतिणी सांभाळाव्या लागत असतील तर ती कुणाला काय तपासणार? राग त्यांच्यावर आहे ज्यांनी ती जागा वर्षानुवर्षं रिकामी ठेवली आणि वर फीत कापायला आले.

मला नुकसानभरपाई नको. प्रत्येक बाळंतिणीची टाक्यांआधी तपासणी व्हावी आणि 'स्नायू सलग' की 'स्नायू तुटलेला' हे कार्डावर मराठीत लिहिलं जावं, खाली तपासणाऱ्याच्या सहीसह. तुटलेला असेल तर शिवता येणाऱ्या डॉक्टरकडे त्याच दिवशी १०८ ने पाठवावं. अशी इजा झालेल्या बाईला सहा आठवड्यांनी आणि वर्षाने बोलावून तिला काय होतंय ते विचारावं, आणि आपल्याच एखाद्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने हा अभ्यास हाती घ्यावा. इंग्लंडच्या बायकांचे आकडे घेऊन मी किती दिवस भांडू? आमची शरीरं, आमचं अशक्तपण, बाळंतपणानंतर पंधराव्या दिवशी डोक्यावर हंडा घेणं, यात जखम कशी भरते हे आमच्याकडेच पाहावं लागेल. आणि वर्षानुवर्षं जुनी इजा घेऊन बसलेल्या बायकांसाठी जिल्ह्यात आठवड्यातून एक दिवस, एक खोली, एक बाई डॉक्टर, जिच्यासमोर तोंड उघडता येईल.

हे पत्र मी नाव घालून छापणार होते. बहिणीच्या सासरी अजून कुणाला माहीत नाही, म्हणून तिने हात धरला. आपल्या कार्यालयाकडे जाणाऱ्या प्रतीवर माझं नाव, पत्ता आणि सही आहे. सोबत दोन डिस्चार्ज कार्डांच्या छायाप्रती जोडल्या आहेत, २०१९ चं आणि गेल्या महिन्याचं. शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. तारीख आणि बाळाचं वजन सोडलं तर मजकूर शब्दशः एकच आहे.

येत्या सोमवारी मी बहिणीला घेऊन पुण्याला निघाले आहे. पहाटेच्या एसटीने. ती रविवार दुपारपासून जेवणार नाही.

आपली,
मराठवाड्यातली एक प्राथमिक शिक्षिका