अर्ज दोन देशांत करण्याविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की पुढच्या शिक्षणासाठी एकच देश ठरवावा आणि तिथेच सगळा जोर लावावा. आईचे मत नेमके उलट पडले. जिथे जिथे भूजलशास्त्राचा विभाग चांगला आहे तिथे तिथे अर्ज टाकावा, कुठे ना कुठे प्रवेश मिळेलच, असे तिला वाटते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि फोनवर घाईघाईने उत्तर देण्यासारखा हा विषय नाही, म्हणून हे पत्र. अमेरिका आणि जर्मनी या दोनच देशांत अर्ज करावेत, असे माझ्या मनाने घेतले आहे. ते पक्के करण्याआधी त्यामागचा सगळा विचार तुमच्यापुढे ठेवायचा आहे, कारण त्यातला एक भाग माझ्या गुणपत्रकाचा नसून तुम्हा दोघांच्या वयाचा आहे.

बाबा, आधी तुमचा मुद्दा घेते. एकच देश निवडण्यात मन एकाग्र राहते हे खरे, पण परदेशी विद्यार्थ्याचे जाणे केवळ विद्यापीठाच्या हाती नसते. तिथले सरकार केव्हा कोणता नियम बदलेल याचा भरवसा देता येत नाही. 2024च्या जानेवारीत कॅनडाने विद्यार्थी परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. 2025च्या मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या तारखा देणे काही आठवडे थांबवले, आणि तेही बहुतेकांच्या हातात प्रवेशपत्र आलेले असताना. अशा वेळी ज्याच्याकडे दुसरा पर्याय नव्हता त्याला नुसते वाट पाहत बसावे लागले. अभ्यासात मी कमी पडले तर ती जबाबदारी माझी. पण कुणीतरी दूर बसून एका आदेशाने माझे वर्ष अडवू शकेल अशी रचना मला नको आहे.

मग आई म्हणते तसे पाच देश का नकोत? कारण प्रत्येक देश माझी तीच पदवी वेगळ्या नजरेने वाचतो. अमेरिकेत पीएच.डी.साठी स्थापत्य अभियांत्रिकीची माझी चार वर्षांची पदवी पुरते, आणि निवडीचा मोठा भर उद्देशपत्र (काय शिकायचे आणि का, हे सांगणारा लेख), शिफारसपत्रे आणि ज्या प्राध्यापकांबरोबर काम करायचे त्यांच्या संशोधनाशी जुळणारा प्रश्न यांवर असतो. जर्मनीत आधी मास्टर्स करावे लागते, आणि तिथल्या अनेक अभ्यासक्रमांत पहिली चाळणी विषयांची असते. मी सध्या एक तक्ता भरते आहे. त्यात पदवीच्या प्रत्येक विषयासमोर तासिका, प्रात्यक्षिकांचे तास आणि श्रेयांक (क्रेडिट) लिहायचे. फ्लुइड मेकॅनिक्स एका रकान्यात, जलविज्ञान दुसऱ्यात, गणिताचे चारही पेपर तिसऱ्यात. युरोपात पूर्ण वर्षाच्या अभ्यासाचे 60 श्रेयांक धरतात, त्या मापात आपले विषय बसतात की नाही हे ते पाहतात. रसायनशास्त्राचे श्रेयांक कमी भरले तर उद्देशपत्र कितीही मनापासून लिहिलेले असो, अर्ज तिथेच बाजूला पडू शकतो. हा तक्ता अमेरिकेतले कुणी मागत नाही, आणि अमेरिकेसाठी महिनाभर घासून लिहिलेले उद्देशपत्र जर्मनीला जसेच्या तसे चालत नाही. इंग्रजीच्या परीक्षेचे गुण तेवढे दोन्हीकडे चालतात, कारण ते दोन वर्षे ग्राह्य असतात.

शिवाय शिफारसपत्रे लिहिणारे तीन प्राध्यापक आहेत, आणि त्यांचा वेळ मी गृहीत धरू शकत नाही. वीस ठिकाणी पत्र मागितले तर ते नाही म्हणणार नाहीत, पण मग सगळीकडे एकच साचेबंद पत्र जाईल आणि त्याचा मला काडीचाही उपयोग होणार नाही. ऑस्ट्रेलिया मी यादीतून काढला, कारण तिथले शैक्षणिक वर्ष फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होते आणि माझे सगळे वेळापत्रकच त्याने विस्कटेल. ब्रिटनचा मास्टर्स एका वर्षाचा. क्षेत्रकामाला त्यात जेमतेम एक उन्हाळा मिळतो, आणि मला भूजलात काम करायचे आहे.

आता दोन देशांमधली खरी अडचण सांगते. अमेरिकेतल्या पीएच.डी.चे अर्ज साधारण डिसेंबरमध्ये बंद होतात आणि निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतात. आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रवेशाला उत्तर देण्यासाठी विद्यार्थ्याला 15 एप्रिलपर्यंत वेळ द्यावा, असे तिथल्या बऱ्याच विद्यापीठांनी आपसांत मान्य केलेले आहे. जर्मनीचे हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते आणि तिथले बरेचसे निकाल उन्हाळ्यात येतात. म्हणजे जर्मनीकडून काहीच कळलेले नसताना मला अमेरिकेला होय किंवा नाही म्हणावे लागेल. दोन देशांत अर्ज केले म्हणजे दोन निकाल समोर ठेवून शांतपणे निवड करता येईल, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. पसंतीचा क्रम आधीच, मन स्थिर असताना, ठरवून ठेवावा लागतो. ऐन एप्रिलमध्ये ठरवायला गेले तर माणूस हातात आहे त्याला घट्ट धरतो किंवा न आलेल्या गोष्टीवर उगीच भरवसा ठेवतो.

पैशांचे म्हणाल, तर अमेरिकेत मी असिस्टंटशिप, म्हणजे विभागात शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबदल्यात मिळणारे साहाय्य, असेल तरच जाणार. शुल्क आणि राहण्याचा खर्च विभागाकडून मिळणार नसेल, तर तो प्रवेश मी स्वीकारणार नाही, आणि त्यासाठी बाबा, तुम्ही मुदत ठेवी मोडायच्या नाहीत. जर्मनीत शिक्षण सगळीकडे मोफत असते हे आपण ऐकत आलो, ते आता तसे राहिलेले नाही. ट्युबिंगेनचे विद्यापीठ मला फार आवडते, पण ते बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात येते आणि तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017पासून दर सत्राला 1500 युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही 2024च्या हिवाळी सत्रापासून असे शुल्क सुरू केले आहे. त्याखेरीज व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे ठरावीक रकमेपेक्षा जास्त काढता येत नाही अशा बँक खात्यात, दाखवावे लागतात आणि त्यातून महिन्याला 992 युरो काढता येतात. एवढी रक्कम माझ्या नोकरीतल्या बचतीतून आणि थोड्या शैक्षणिक कर्जातून उभी राहू शकेल.

राहिला तो भाग, ज्याविषयी आपण तिघेही बोलायचे टाळतो. अमेरिकेतली पीएच.डी. म्हणजे पाच-सहा वर्षे, आणि त्या काळात व्हिसाच्या कटकटीमुळे मनात येईल तेव्हा घरी येता येईलच असे नाही. जर्मनीचे मास्टर्स दोन वर्षांचे. ते झाल्यावर पुढे पीएच.डी. करायची, नोकरी शोधायची की परत यायचे, हे मला नव्याने ठरवता येईल, तुमची तब्येत पाहून ठरवता येईल. आईच्या गुडघ्यांचे दुखणे आणि बाबांचा वाढलेला रक्तदाब या गोष्टी मी बाजूला ठेवाव्यात असे तुम्ही दोघेही म्हणाल हे मला ठाऊक आहे, पण मी त्या बाजूला ठेवणार नाही. दादा आणि वहिनी तुमच्याजवळ आहेत हा मोठा आधार आहे. तरी पाच वर्षांचा सगळा भार त्यांच्यावर टाकून मी निर्धास्त राहावे, हे मला पटत नाही.

म्हणून मी असा क्रम लावला आहे: अमेरिकेत ज्यांचे संशोधन खरोखर माझ्या विषयाचे आहे अशा चारच विभागांत अर्ज करायचे, आणि तिथे साहाय्यासह प्रवेश मिळाला तर 15 एप्रिलच्या आत होकार द्यायचा. नाही मिळाला, तर जर्मनी. आणि अमेरिकेची पाच-सहा वर्षे तुम्हाला जड जातील असे तुम्ही आज सांगितलेत, तर मी क्रम उलटा लावीन, जर्मनीला पहिले स्थान देईन, आणि त्यात मी काही गमावले असे मला वाटणार नाही, कारण तिथेही मला हवे तेच शिकायला मिळणार आहे.

तुम्ही माझ्या भल्यासाठी स्वतःची अडचण लपवाल, याचीच मला जास्त काळजी वाटते. आई, तू तर नक्की लपवशील. तेव्हा दोघांनी वेगवेगळे लिहावे किंवा दादाकडे सांगावे, पण खरे ते सांगावे. सप्टेंबरच्या सुरुवातीला मी प्राध्यापकांना शिफारसपत्रांसाठी विचारणार आहे, आणि तेव्हा त्यांना विद्यापीठांची यादी क्रमासह द्यावी लागेल. त्याआधी तुमचे उत्तर मिळाले तर बरे होईल.

तुमची,
लेक