विषय: १९४३ च्या फोर्ड जीपीडब्ल्यू जीपसाठी चुकीचा क्राऊन-पिनियन पाठवून परत घेण्यास नकार दिल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्या ग्राहक सेवेशी फोनवर बोलण्यात आता अर्थ उरलेला नाही, म्हणून हे पत्र. याचं उत्तर लेखी हवं आणि जीपचा डिफरन्शियल ज्याने स्वतः उघडून पाहिलाय अशा माणसाकडून हवं.

मी मागवला होता पुढच्या अ‍ॅक्सलचा क्राऊन-पिनियन, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचं फिरणं चाकांकडे वळवणारी गियरची जोडी. पिनियनला ८ आणि क्राऊनला ३९ दात, म्हणजे ४.८८ रेशो: चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे इतके फेरे. पैसे भरण्याआधी ईमेलवर दातांची संख्या विचारली होती. '३९, कन्फर्म' असं तुमचं उत्तर आहे, प्रत सोबत जोडली आहे. आला तो ८ आणि ४३ दातांचा, म्हणजे ५.३८. खोक्यावर लेबल मात्र 'एमबी/जीपीडब्ल्यू १९४१-४५', म्हणजे विलीज आणि फोर्डच्या युद्धकाळातल्या जीपांचं. हा सेट युद्धानंतरच्या, नागरी वापराच्या सीजे जीपांचा आहे. सीजे-३बी आपल्याकडे वर्षानुवर्षं बनली, त्यामुळे ४३ दातांचा माल बाजारात सहज मिळतो. तो विकायला माझी हरकत नाही. त्यावर १९४१-४५ चं लेबल लावून विकायला आहे.

'तुमची गाडी नक्की जीपीडब्ल्यूच आहे का?' असंही मला विचारण्यात आलं. चासीचा पुढचा क्रॉसमेंबर (आडवा दांडा) उलट्या यू आकाराचा आहे, विलीजसारखा गोल पाइप नाही. नंबर चासीच्या डाव्या पट्टीवर वरून ठोकलेला आहे, विलीजला असते तशी रिव्हेट मारलेली नंबरप्लेट नाही. बोल्टांच्या डोक्यांवर फोर्डचा 'एफ' आहे. जुन्या क्राऊनवर खडूने खूण करून दात मोजले, ३९ भरले. मागचा अ‍ॅक्सल उघडायचीही गरज पडत नाही. मागची दोन्ही चाकं उचलून एकदम एक पूर्ण फेरा दिला की प्रोपेलर शाफ्ट पाच फेऱ्यांना जरासा कमी पडतो. ४३ दात असते तर तो सव्वापाचच्याही पुढे गेला असता. फोटो आणि व्हिडिओ तुमच्याकडे पोचलेले आहेत.

आता शेवटच्या फोनबद्दल. तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "सर, सेट हाऊसिंगमध्ये बसतो ना? मग तक्रार कसली?"

बसतो. हाऊसिंग त्याच जातीचं आहे, बसणारच. मी त्याला सांगितलं की या गाडीत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये वेगातला फरक सामावून घेणारा डिफरन्शियल नाही, फोर व्हील टाकलं की ट्रान्स्फर केस (दोन्ही अ‍ॅक्सलना ताकद वाटणारी गियरपेटी) दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरवते. मागे ३९ आणि पुढे ४३ असले तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यामागे दोन शाफ्टांत बरोबर अर्ध्या फेऱ्याचा फरक पडतो. ओल्या वाळूत टायर घसरून तो फरक निघून जातो. डांबरावर किंवा जेटीच्या काँक्रीटवर तो जायला जागाच नसते. मग टायर खरवडतात, सगळा पीळ ट्रान्स्फर केसच्या गियरवर आणि युनिव्हर्सल जॉइंटवर येतो, फोर व्हीलचा लिव्हर अडकून बसतो आणि शेवटी जे सर्वात कमकुवत असेल ते तुटतं.

हे सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "मग फोर व्हील टाकू नका ना सर. जुनी गाडी आहे, आजकाल कोण टाकतं?"

जीपला फोर व्हील टाकू नका, असं जीपचे पार्ट विकणारी कंपनी सांगते! पावसाळ्यात इथल्या जांभ्याच्या चढावर, लाल चिखलात ही गाडी फोर व्हीलशिवाय वर येत नाही. आणि येत असती तरी फोर व्हील वापरायचं की नाही हे तुमच्या कॉल सेंटरने ठरवायचं नाही. मी ३९ दातांचे पैसे दिले आहेत.

दुसरी गोष्ट पॅकिंगची. सेट नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, ना ग्रीस, ना तेलकट कागद. ऐन पावसाळ्यात. पिनियनच्या दातांवर, जिथे दातावर दात घासतो नेमक्या तिथे, गंजाचे खड्डे पडलेत. पिनियनची शिम (बैठक जुळवणारी पातळ चकती) कितीही काळजीपूर्वक लावली तरी असा सेट आवाज करणार आणि लवकर झिजणार. यावर उत्तर मिळालं, 'समुद्राजवळ राहता, गंज येणारच.' खोकं ट्रान्सपोर्टच्या गोदामातच उघडलं होतं, तिथल्या माणसासमोर, फोटो काढत. गंज तुमच्याकडून आला आहे.

पैशांऐवजी ऑइल पंप घ्या, असंही सुचवलं गेलं. माझ्या इंजिनात कॅमशाफ्ट फिरवायला टायमिंग चेन आहे की गियर, हे न विचारता! चेनवर कॅमशाफ्ट क्रँकच्याच दिशेने फिरते, गियरवर उलटी. पंप कॅमशाफ्टवरच चालतो, म्हणून दोन्हींचे पंप वेगळे असतात, हे तरी तुमच्या दुकानात कुणाला ठाऊक असावं.

तुमचं नाव मी आजवर बऱ्याच जणांना विश्वासाने सुचवलं होतं. आता सुचवणार नाही. एखाद्याने खोक्यावरच्या लेबलवर भरवसा ठेवून, दात न मोजता हा सेट बसवला तर त्याची ट्रान्स्फर केस जाईल आणि कारण त्याला कळणारही नाही.

मला पूर्ण रक्कम परत हवी. माल तुमच्या खर्चाने उचलून न्या. बदली सेट पाठवणार असाल तर आधी ३९ दात मोजता येतील असा फोटो पाठवा. क्राऊन आणि पिनियनवर कोरलेला जोडीचा नंबरही एकच दिसला पाहिजे, दोन वेगळ्या जोड्यांतला माल नको. आणि ४३ दातांच्या खोक्यांवरचं '१९४१-४५' हे लेबल काढा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच ती करता येते, तुमच्या शहरात खेटे घालायची मला गरज नाही. गाडी खाजगी वापराची आहे, त्यामुळे व्यापारी खरेदीची पळवाटही मिळणार नाही.

सोबत: बिल, ईमेलची प्रत, गोदामातले फोटो.

तुमचा ग्राहक,
रत्नागिरी